पेशींतला प्रवाह : अडीचशें वर्षांची एक हकीगत



एका शाळामास्तराच्या चुकीपासून आजच्या भाषणास सुरुवात करतों, आणि तो मास्तर मीच आहें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. तालुक्याच्या गांवीं एका शाळेंत मीं पुष्कळ वर्षें विज्ञान शिकविलें. शाळेंत सूक्ष्मदर्शक यंत्र एकच होतें. तें कपाटांत कुलपाआड असे आणि पेशीचा धडा आला कीं वर्षांतून एकदां बाहेर निघे. कांद्याच्या पाकळीचा आंतला पापुद्रा सोलावा, कांचपट्टीवर पाण्याच्या थेंबांत पसरावा, आणि मुलांनीं रांगेनें येऊन एकेक डोळा लावून जावें असा शिरस्ता होता. एका वर्षीं एक मुलगा यंत्रापासून हालेच ना. “सर, आंत बारीक ठिपके पळताहेत,” तो म्हणाला. मीं त्याला सांगितलें, “टेबलाला धक्का लागला असेल. जा, वहींत आकृति काढ.” त्यानें निमूटपणें आकृति काढली. विटांच्या भिंतीसारख्या चौकटी, प्रत्येकींत एक गोल, आणि बाजूला बाण काढून नांवें. मीं त्या आकृतीला पूर्ण गुण दिले. निवृत्त झाल्यावर वाचनास सवड मिळाली, तेव्हां कळलें कीं त्या मुलानें पाहिलें तेंच खरें होतें. वनस्पतीच्या जिवंत पेशींत आंतला रस अखंड फिरत असतो, आणि झाड किती वाढेल हें कांहीं अंशीं त्या फिरण्यावर ठरतें. ही गोष्ट लोकांनीं कशी पाहिली, कशी विसरली आणि तिचा अर्थ लागावयास इतका काळ कां लागला, तें सांगावयाचें आहे.

माझ्या चुकीला एक जुनी परंपरा आहे. इ. स. १६६५ मध्यें लंडनच्या रॉबर्ट हूकनें बुचाच्या पातळ कापाचें वर्णन प्रसिद्ध केलें. मधाच्या पोळ्यासारखे जे कप्पे त्याला त्यांत दिसले त्यांना त्यानें कोठडी या अर्थाचा शब्द वापरला, आणि इंग्रजींत पेशीला तोच शब्द आजतागायत चालू आहे. परंतु बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. बिऱ्हाड उठून गेल्यावर रिकाम्या खोल्या पाहाव्या आणि घर असेंच असतें असें लिहून ठेवावें, तसा हा प्रकार झाला. त्यानंतर पुष्कळ काळपर्यंत पेशी म्हटली कीं लोकांच्या डोळ्यांसमोर भिंतीच उभ्या राहत.

त्या खोल्यांतली वर्दळ पाहिली ती इटलींतील एका धर्मगुरूनें. बोनाव्हेंतूरा कोर्ती हा रेज्जो या गांवीं पदार्थविज्ञान शिकवीत असे. १७७४ सालीं लुक्का येथें त्याचें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत कारा नांवाच्या पाणवनस्पतीचें वर्णन आहे. कारा आपल्याकडेही तळ्यांत आणि भातखाचरांतल्या साचलेल्या पाण्यांत उगवते. बारीक हिरवी काडी, ठराविक अंतरावर पेरें, पेऱ्यापाशीं चक्राकार फांद्या, आणि पुष्कळदां अंगावर चुन्याचा खरखरीत थर असें तिचें रूप असतें. तिच्यांत नवल हें कीं दोन पेऱ्यांमधला सबंध तुकडा ही एकच पेशी असते. कांद्याची पेशी पाहावयास भिंग लागतें, आणि काराची एक पेशी बोटाच्या पेराएवढी, कधीं बोटाएवढीही लांब असते. कोर्तीनें पाहिलें कीं या पेशीच्या एका बाजूनें रस वर चढतो, टोकाला वळतो आणि दुसऱ्या बाजूनें खालीं येतो. हे दोन प्रवाह शेजारून जात असूनही एकमेकांत मिसळत नाहींत. हार्वेनें रक्ताभिसरण सांगितलें त्यास तेव्हां जवळजवळ दीडशें वर्षें झालीं होतीं. पण तेथें हृदय होतें. येथें हृदय नाहीं, नळी नाहीं, झडप नाहीं, आणि तरी रस फिरतो.

एवढा मोठा शोध, पण लोक तो विसरून गेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत ट्रेव्हिरानुस यानें हाच प्रवाह पुन्हां नव्यानें पाहिला, आणि १८१८ मध्यें मोदेना येथील जोव्हानी बाततिस्ता आमिची यानें त्यावर निबंध लिहिला. आमिची हा स्वतः उत्तम भिंगें घडविणारा कारागीर असल्यामुळें त्याला इतरांहून स्पष्ट दिसे. काराच्या भिंतीला आंतून हिरवे कण ओळीनें चिकटलेले असतात आणि प्रवाह बरोबर त्या ओळींच्या दिशेनेंच जातो, हें त्यानें हेरलें. व्होल्टाची विजेची चळत तेव्हां नवी होती. या ओळी म्हणजे तशाच चळती असाव्या आणि त्याच रसाला ढकलीत असाव्या, असा आमिचीनें तर्क केला. कारण चुकलें, पण जागा बऱ्याच अंशीं बरोबर निघाली. ती कशी, तें पुढें येईल.

याच आमिचीची आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण ती आपल्या स्वयंपाकघरांतल्या भाजीची आहे. घोळाची भाजी आपण सारे खातों. १८२३-२४ च्या सुमारास आमिची घोळाच्या फुलाच्या कुक्षीवरील केंसांत हाच प्रवाह पाहत बसला होता. एका केंसाला परागकण चिकटलेला होता. पाहतां पाहतां त्या कणांतून एक नळी बाहेर आली, आणि नळीच्या आंत रसाचे कण वाहतांना दिसले. परागनलिकेचें हें पहिलें दर्शन. धान्याचा दाणा धरतो तो परागकणाची ही नळी बीजांडापर्यंत पोंचते म्हणून. नळीची वाढ केवळ शेंड्याशीं होते, आणि भिंत बांधण्याचें साहित्य मागून शेंड्यापर्यंत हा प्रवाहच आणून देतो. मक्याच्या कणसाला जे लांब केंस असतात ते सारे कुक्षीवृंतच. त्यांतून उतरणाऱ्या नळीला कित्येक सेंटिमीटरांचा प्रवास करावा लागतो. तेथें वाहतूक थांबली तर त्या जागेचा दाणा भरावयाचा नाहीं. पेशींतला प्रवाह आणि मनुष्याचें अन्न यांचा संबंध असा आमिचीच्या डोळ्यांसमोर उघडा पडला होता, पण त्या काळीं तो कोणाच्या ध्यानांत येणें शक्य नव्हतें.

इंग्लंडांत हा प्रवाह पाहणारा मोठा मनुष्य म्हणजे रॉबर्ट ब्राउन. १८३१ मध्यें त्यानें पेशीच्या केंद्रकाला नांव दिलें. ट्रॅडेस्कँशियाच्या पुंकेसरावर जे जांभळे केंस असतात त्यांतला प्रवाह त्याच्या परिचयाचा होता. ब्राउन मोठा ज्ञानी, पण हातचें राखून ठेवणारा. चार्ल्स डार्विननें आपल्या आत्मवृत्तांत लिहून ठेवलें आहे कीं बीगल जहाजावर जाण्यापूर्वीं तो ब्राउनकडे गेला असतां ब्राउननें त्याला यंत्रांतून पाहावयास लावलें आणि काय दिसतें तें विचारलें. डार्विननें सांगितलें, आणि मग हें काय आहे असा उलट प्रश्न केला. ब्राउननें तें आपलें लहानसें गुपित असल्याचें सांगून विषय संपविला. पुष्कळ वर्षांनीं डार्विनला वाटलें कीं आपण पाहिला तो वनस्पतिपेशींतला प्रवाहच असावा. मीं माझ्या विद्यार्थ्याला अज्ञानानें गप्प केलें. ब्राउननें डार्विनला जाणूनबुजून गप्प केलें. परिणाम दोहोंचा एकच!

पुढें १८४६ मध्यें ह्युगो फोन मोल यानें पेशींतल्या या वाहत्या, चिकट पदार्थाला ‘प्रोटोप्लॅझम’ हें नांव वनस्पतिशास्त्रांत रूढ केलें. आपण त्याला जीवद्रव्य म्हणतों. १८६८ सालीं एडिंबरो येथें टी. एच्. हक्स्ले यानें या जीवद्रव्यावर सामान्य लोकांपुढें एक व्याख्यान दिलें, आणि उदाहरण घेतलें तें आग्या वनस्पतीच्या दाहक केंसाचें. त्या केंसांतले प्रवाह सांगून तो म्हणाला कीं आपले कान तीक्ष्ण असते तर माध्यान्हीचें निःशब्द अरण्य आपल्याला मोठ्या शहराच्या गजबजाटासारखें ऐकूं आलें असतें. मराठींत सांगतांना मीं त्याची भाषा बरीच सैल केली आहे, पण कल्पना त्याचीच.

येथवर सारी पाहण्याचीच हकीगत झाली. प्रवाह आहे हें शतकाच्या अखेरीस सर्वांना मान्य होतें. तो कशासाठीं आहे, यावर मात्र वाद होता. १८८५ मध्यें हॉलंडचा ह्युगो द फ्रीस यानें ठामपणें लिहिलें कीं वनस्पतींत अन्नरसाची वाहतूक हेंच या प्रवाहाचें प्रयोजन होय. त्याच्या युक्तिवादामागें एक साधें गणित आहे. पाण्यांत साखर आपोआप पसरते, पण अंतर दहापट झालें कीं वेळ शंभरपट लागतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकें अंतर साखरेचा कण सेकंदाच्या दहाव्या हिश्शांत ओलांडतो. एका मिलिमीटरला पाव तासाहून अधिक लागतो, एका सेंटिमीटरला एक दिवसाहून अधिक, आणि दहा सेंटिमीटरला तीन-चार महिने. काराचा प्रवाह सेकंदाला मिलिमीटरच्या सुमारें सत्तर सहस्रांश इतक्या वेगानें चालतो. त्याच्याबरोबर गेल्यास तेंच दहा सेंटिमीटर पंचवीस मिनिटांच्या आंत संपतें. एवढ्या लांब पेशीला प्रवाह हवाच, हें यावरून कोणालाही पटेल.

पण याच गणिताची दुसरी बाजू आहे, आणि विरोधकांनीं तीच धरली. गहूं, भात, मोहरी यांच्या बहुतेक पेशी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान असतात. एवढ्या खोलींत साखर दहा सेकंदांत आपोआप पसरते. मग तेथें प्रवाहाचें काम काय? शिवाय कित्येक पानांत काप घेतल्यावर किंवा उजेड पडल्यावरच प्रवाह जोरांत सुरू होतो, असेंही दिसून आलें होतें. म्हणून कांहीं जण म्हणूं लागले कीं हा जखमेचा परिणाम आहे, निरोगी झाडाचा व्यवहार नव्हे. द फ्रीसचें म्हणणें एका मोठ्या बाबतींत चुकलेंही. पानांतली साखर मुळांकडे नेणाऱ्या चाळणनलिकांचें काम याच प्रवाहानें चालतें असें त्याला वाटत होतें. १९३० मध्यें एर्न्स्ट म्युंख यानें तेथें दाबाच्या फरकामुळें रस वाहतो असें मांडलें, आणि आज सामान्यतः तेंच मान्य आहे. तेव्हां श्रोत्यांनीं दोन गोष्टींची गल्लत करूं नये. पानांकडून मुळांकडे जाणारा अन्नरस हा निराळा, आणि एकेका पेशीच्या आंत फिरणारें जीवद्रव्य निराळें. आपला विषय दुसरा.

हा वाद कित्येक वर्षें तसाच लोंबकळत राहिला. याचें कारण असें कीं कोणालाही प्रवाहाचा वेग स्वतःच्या इच्छेनें बदलतां येत नव्हता. गारव्यानें तो मंदावतो, विषानें थांबतो. पण गारवा आणि विष पेशींतलें बाकीचें सर्व कामही बिघडवितात. मग झाड खुरटलें तर दोष कशाला द्यावयाचा? प्रवाहाला ढकलणारें यंत्र कोणतें, हें आधीं कळावयास हवें होतें.

त्या कामांत जपानी शास्त्रज्ञ नोबुरो कामिया यांचें नांव मोठें आहे. १९५६ मध्यें कामिया आणि कुरोदा यांनीं काराच्याच कुळांतल्या नायटेलाच्या पेशींत निरनिराळ्या खोलीवर वेग मोजला. नदीचें पाणी मध्यभागीं जलद व कांठाला संथ असतें, पण येथें वाहतें जीवद्रव्य सबंध थराच्या थर एकाच वेगानें सरकतें. यावरून जोर लागतो तो कांठालाच, स्थिर थर आणि वाहता थर यांच्या सांध्यावर, असें त्यांनीं दाखविलें. पुढें तेथेंच, हिरव्या कणांच्या ओळींना लागून, बारीक दोऱ्यांचे जुडगे सांपडले, आणि १९७४ मध्यें ते अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे आहेत असें सिद्ध झालें. आमिचीनें बोट ठेवलें होतें तें जवळजवळ याच जागेवर! हें अ‍ॅक्टिन आपल्या दंडाच्या स्नायूंतही असतें. स्नायूंत त्याचा जोडीदार मायोसिन नांवाचें प्रथिन. १९८३ मध्यें अमेरिकेंत शीट्झ आणि स्पुडिच यांनीं स्नायूंतलें मायोसिन लावलेले सूक्ष्म मणी नायटेलाच्या उघड्या केलेल्या दोऱ्यांवर सोडले, आणि ते मणी त्या दोऱ्यांवरून चालूं लागले. प्राण्याचें प्रथिन वनस्पतीच्या रुळांवर धांवलें, यापरतें स्पष्ट प्रात्यक्षिक काय असावें? वनस्पतींचें स्वतःचें मायोसिन निराळ्या जातीचें असतें, पण काम तेंच करतें. एका अंगानें दोऱ्यावर पावलें टाकावयाचीं, दुसऱ्या अंगानें ओझें धरावयाचें. हें ओझें जातांना भोंवतालच्या रसालाही ओढून नेतें, आणि तोच आपल्याला प्रवाह म्हणून दिसतो.

येथें त्या विरोधकांच्या गणिताचें उत्तरही मिळतें. साखर लहान पेशींत आपोआप पसरते हें खरें. परंतु पेशींत साखरच असते असें नाहीं. भिंत बांधण्याचें साहित्य भरलेल्या पिशव्या असतात, ऊर्जा देणारे कण असतात, पडद्यांचीं जाळीं असतात. अशा अवजड वस्तु आपण होऊन पसरत नाहींत. त्यांना हमाल लागतो.

हमाल सांपडला, म्हणजे त्याला बदलून पाहणेंही शक्य झालें. मोहरीच्या कुळांत अरॅबिडॉप्सिस नांवाचें एक वीतभर रोपटें आहे आणि प्रयोगशाळांत तें फार वापरतात. त्यांत या जातीच्या मायोसिनाचे तेरा प्रकार आहेत. २०१० मध्यें अमेरिकेंतील दोल्या यांच्या प्रयोगशाळेनें त्यांपैकीं तीन-चार एकदम काढून टाकले, तेव्हां पेशी लहान राहिल्या आणि रोपें खुजीं झालीं. मग २०१३ मध्यें जपानांतील तोमिनागा, इतो आणि त्यांचे सहकारी यांनीं याच्या उलट बाजूचाही प्रयोग केला. अरॅबिडॉप्सिसच्या एका मायोसिनाचें पावलें टाकणारें अंग काढून त्यांनीं त्या जागीं काराच्या मायोसिनाचें अंग बसविलें. ओझें धरणारें अंग मूळचेंच ठेवलें. या जोडमायोसिनाचा वेग मूळच्या दुपटीहून अधिक झाला. दुसऱ्या कांहीं रोपांत मनुष्याच्या एका मंदगति मायोसिनाचें अंग बसविलें. जलद मायोसिनाचीं रोपें नेहमींपेक्षां मोठीं झालीं, मंद मायोसिनाचीं लहान राहिलीं, आणि त्यांच्या पेशीही त्याच प्रमाणांत मोठ्या व लहान निघाल्या. कोर्तीच्या पुस्तकानंतर दोनशें एकोणचाळीस वर्षांनीं हें उत्तर आलें. प्रवाह हा वाढीचा नुसता सोबती नाहीं, तर तिच्या कारणांपैकीं एक आहे.

पानांतल्या हिरव्या कणांचें हलणें हा याच्याच शेजारचा विषय. ऊन मंद असतां हे कण उजेडासमोर पसरतात, आणि ऊन कडक झालें कीं उभ्या भिंतींच्या आडोशाला जातात. ज्या रोपांना हें पळणें जमत नाहीं त्यांचीं पानें प्रखर उजेडांत करपतात, असें २००२ मध्यें जपानी संशोधकांनीं दाखविलें. दुपारीं सांवली धरणारा शेतकरी आणि हा हिरवा कण यांची अक्कल एकाच जातीची म्हणावयाची.

आतां कोणी विचारील, मग भाताचें आणि गव्हाचें पीक दुप्पट कधीं होणार? येथें मात्र मी जरा हात आंखडता घेईन. २०२० मध्यें याच जपानी मंडळींनीं कॅमेलिना या मोहरीच्या भाऊबंद तेलबियांच्या पिकांत जलद मायोसिन घातलें, आणि झाडाबरोबर बियांचें उत्पन्नही वाढल्याचें सांगितलें. बातमी आनंदाची आहे. पण कुंडींतलें रोप आणि वावरांतलें पीक यांत फार अंतर असतें, हें कोणताही शेतकरी सांगेल. शिवाय मोठें झाड म्हणजे मोठी रास असा हिशेब नाहीं. १९६६ मध्यें आपल्या देशानें मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचें बियाणें आणलें, तें बुटक्या जातींचें होतें. त्यांचा बुटकेपणा नोरिन १० या जपानी गव्हाकडून आला होता. उंच गव्हाला खत दिलें कीं तो लोळतो. बुटका उभा राहतो आणि बळ काडाऐवजीं दाण्यांत घालतो. तेव्हां झाड खुजें करून अन्न वाढलें, हाही इतिहासच आहे. जलद मायोसिनाचें बळ काडांत जाईल कीं दाण्यांत, हें प्रत्येक पिकांत निराळें तपासावें लागेल. त्या बळाला पाणी आणि नत्रही अधिक लागणार, त्याचा पुरवठा करावा लागेल तो वेगळाच.

गव्हाचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट सांगतों. आपल्या देशांत गव्हाच्या सुधारित जाती निर्माण करणारे आणि १९६५ मध्यें भारतीय कृषि संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनीं तरुणपणीं ब्रह्मदेशांतल्या काराकुळाचा अभ्यास केला होता. त्यांचा निबंध १९३२ सालचा. पुढें १९६२ मध्यें भारतांतल्या काराकुळावर जो मोठा ग्रंथ परिषदेनें काढला, त्याच्या लेखकांत त्यांचेंही नांव आहे. गव्हाचा आणि काराचा असा योग एकाच माणसाच्या आयुष्यांत आला, आणि तोही काराचें मायोसिन दुसऱ्या रोपांत घालण्याची कल्पना कोणाच्या स्वप्नांतही नसतांना.

शेवटीं, ज्यांच्या घरीं विज्ञान शिकणारीं मुलें आहेत त्यांच्यासाठीं एक सूचना. शहरांतल्या गच्च्यांवर आणि खिडक्यांतल्या कुंड्यांत जांभळ्या पानांची ट्रॅडेस्कँशिया पुष्कळ लावतात. तिच्या लहान गुलाबी फुलांत पुंकेसरांवर बारीक केंस असतात. चिमट्यानें एक पुंकेसर काढावा, पाण्याच्या थेंबांत कांचपट्टीवर ठेवावा, वर पातळ कांच टाकावी, आणि शाळेच्या यंत्राचें मोठें भिंग लावून एकाच केंसावर नजर ठेवावी. प्रवाह प्रथम दिसत नाहीं. दोन-तीन मिनिटें धीर धरावा लागतो. मग केंद्रकापासून निघणाऱ्या धाग्यांतून ठिपके जातांयेतां दिसूं लागतात. बर्फाच्या पाण्याचा थेंब कडेनें सोडला तर ते मंदावतात, आणि पट्टी पुन्हां कोमट झाली कीं चालूं लागतात. तेव्हां टेबलाला धक्का लागला नाहीं याची खात्री पटते. फूल मात्र सकाळचें घ्यावें, दुपारपर्यंत तें मिटून जातें.